नाना, बोर्डावरून बंद करू नका!

ऑफिसात प्रिंटर बंद पडला की आपण काय करतो? काहीही करत नाही! पलीकडच्या बे-मधल्या प्रिंटरवर कमांड देतो, अ‍ॅडमिनला एक मेल टाकतो आणि कॉफी घ्यायला जातो. परत येईपर्यंत कोणीतरी गुडघ्यावर बसून त्या यंत्राच्या पोटात हात घातलेला असतो. तो कोण, त्याने नेमकं काय केलं, याच्याशी आपलं देणंघेणं नसतं. प्रिंट आली, बास!

घरचा प्रिंटर हे मात्र वेगळंच प्रकरण. तिथे अ‍ॅडमिन नाही, हेल्पडेस्क नाही, एएमसी नाही. तिथे फक्त तुम्ही. आणि तुम्ही पुण्यात असाल आणि प्रिंटर गावाकडे, मग तर बोलायलाच नको.

आमचा प्रिंटर पाचोऱ्याला आहे. रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसला बसायचं, चाळीसगाव गेलं की तोंड धुऊन घ्यायचं आणि पाचोऱ्याला उतरायचं. मी एका आयटी कंपनीत एचआरला आहे. म्हणजे माणसं घेणं, त्यांची इंडक्शन करणं, अप्रेझलच्या सीझनमध्ये त्यांची रडगाणी ऐकणं. कंप्युटरच्या पोटातलं मला तुमच्याइतकंच कळतं. पण आमच्या गल्लीच्या लेखी मी 'पुण्याला कंप्युटरमध्ये' आहे. एकदा हा शिक्का बसला की सुटका नाही. टीव्हीचा रिमोट, गॅसचं ऑनलाइन बुकिंग, शेजारच्या काकूंच्या मोबाइलचं 'स्टोरेज फुल'... सगळं माझ्याकडे. आणि सगळ्यांत वर, प्रिंटर.

प्रिंटर घेतला नानांनी. नाना म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तर होते, २०१९ मध्ये रिटायर झाले. शाळा सुटली तशी दारावरची हाकही थांबली. आई म्हणते, पहिले सहा महिने नाना पेपर वाचून झाला की तोच परत पहिल्या पानापासून वाचायचे. मग २०२० आलं. शाळा मोबाइलवर गेली आणि गल्लीतल्या निम्म्या घरांत स्मार्टफोनच नव्हता. नानांनी कोणालाही न विचारता जळगावहून एक इंक टँकवाला थ्री-इन-वन प्रिंटर आणला आणि पोरांना स्वाध्यायाची पानं काढून द्यायला सुरुवात केली. शाळा परत उघडल्या, पण ओट्यावरची गर्दी काही हटली नाही. कोणाला परीक्षेचा फॉर्म, कोणाला आधारची कॉपी, कोणाला शेताचा सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन निघतो, पंधरा रुपये भरले की झालं. पण ते भरायचे कसे आणि पीडीएफ उघडायची कशी, यासाठी माणूस लागतोच की! पोरांना फुकट, बाकीच्यांनी डब्यात वाटलं तर दोन रुपये टाकायचे, ते कागदाला. "गुरुजी आहेत का घरात?" ही हाक पुन्हा सुरू झाली. त्यामुळे आमच्याकडे प्रिंटर बिघडतो तेव्हा नुसता प्रिंटर बिघडत नाही. नानांचं दुकानच बंद होतं. आणि दुकान बंद झालेला मास्तर घरात कसा वावरतो, ते आईला विचारा!

आता मुख्य फंडा सांगते. पाच वर्षं फोनवरून प्रिंटर दुरुस्त केल्यावर माझं स्पष्ट मत झालंय की दहापैकी सात वेळा प्रिंटर बिघडलेलाच नसतो. बिघडलेलं असतं कंप्युटरचं आणि प्रिंटरचं बोलणं. नवरा-बायकोसारखं! दोघंही आपापल्या जागी ठीक, पण निरोप पोचत नाही.

पहिला प्रकार म्हणजे 'ऑफलाइन'. प्रिंटरचा दिवा लागलेला, कागद भरलेला, आणि कंप्युटर छाती ठोकून सांगतो की प्रिंटर ऑफलाइन आहे. आमच्याकडे हे वीज गेल्यानंतर हमखास व्हायचं. कारण साधं. वायफायवर प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. वीज जाऊन आली की राउटर कधीकधी नवे पत्ते वाटतो आणि कंप्युटर बिचारा जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो. प्रिंटरने घर बदललं, पण कळवलं नाही. अशा वेळी राउटर, मग प्रिंटर, मग कंप्युटर असं क्रमाने बंद करून क्रमाने चालू केलं तर बऱ्याचदा काम होतं. कायमचा इलाज म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता पक्का करून टाकायचा. आणि हो, बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. राउटर बदलून घरात फाइव्ह-जीचं वायफाय आलं आणि प्रिंटर दिसेनासा झाला, तर तो मेलेला नाही, त्याला फक्त नवीन भाषा येत नाही. नानांच्या बाबतीत मी शेवटी सरळ यूएसबी केबल लावून दिली. कंप्युटर आणि प्रिंटर एकाच टेबलावर असताना वायफायचे लाड कशाला?

दुसरा प्रकार, रांग अडकणं. एक प्रिंट कुठेतरी लटकते, तिच्यामागे बाकीच्या उभ्या राहतात. आपण काय करतो? परत प्रिंटचं बटण दाबतो. मग परत. मग रागाने पाच वेळा. रांगेत अजून पाच जण! आणि कधीतरी अडथळा निघाला की एकाच सातबाऱ्याच्या सहा प्रती सटासट बाहेर. विंडोजमध्ये 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, सिस्टिम थर्टीटूमधल्या 'स्पूल' फोल्डरच्या आत 'प्रिंटर्स' नावाचं फोल्डर असतं ते आतून रिकामं करायचं, स्पूलर परत चालू करायचा. रांग साफ. हे मी नानांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि वर मथळा दिला, 'रेशनची रांग मोडणे'. तेव्हापासून त्यासाठी मला फोन येत नाही.

तिसरा प्रकार फारच गमतीचा. प्रिंट दिली की कागद येतच नाही, उलट 'फाइल कुठे सेव्ह करू?' असं विचारणारी खिडकी उघडते. नाना म्हणायचे, "बेटा, मी त्याला छाप म्हणतो आणि तो मलाच पत्ता विचारतो!" झालेलं असं की विंडोजने आपल्या मनाने डीफॉल्ट प्रिंटर बदलून 'प्रिंट टू पीडीएफ' केला होता. विंडोज दहा आणि अकरामध्ये 'माझा डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' असा एक पर्याय असतो. तो आधी बंद करा आणि मग आपला प्रिंटर स्वतः निवडा. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरून काम करणाऱ्यांनी तर आजच बघा.

कागद अडकण्याबद्दल फार बोलत नाही, पण पाठकोऱ्या कागदांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मास्तरांच्या घरात एका बाजूने कोरा कागद फेकणं म्हणजे पाप! नाना ते जपून ठेवतात आणि कच्च्या प्रिंटला वापरतात. तत्त्व म्हणून उत्तम. पण एकदा छापलेला कागद कडेला वळलेला असतो, त्याच्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन राहिलेली असते, चार कागद एकमेकांना चिकटलेले असतात. प्रिंटर चार गिळतो आणि गळ्याशी आलं की ओरडतो. त्यात पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद दमट होतो, मग तर विचारूच नका. तडजोड अशी झाली की पाठकोरे कागद आधी पिना काढून, जाड पुस्तकाखाली दोन दिवस दाबून, मग पिसून ट्रेमध्ये जातात. एका वेळी दहाच. कागद अडकलाच तर प्रिंटर बंद करायचा आणि कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी हळूच ओढायचा. हिसका दिला की फाटतो, आणि तो आत राहिलेला नखाएवढा तुकडा पुढे आठवडाभर छळतो. कागद उचललाच जात नसेल तर रबराच्या रोलरवर धूळ बसलेली असते. सुती कापड किंचित ओलं करून रोलर फिरवत पुसला की त्याला पुन्हा पकड येते. उन्हाळ्यात आमच्याकडची धूळ काय असते, ते खानदेशातल्यांना सांगायला नको.

उन्हाळा म्हटल्यावर आता मूळ दुखण्याकडे येते. शाई!

इंकजेट प्रिंटरच्या हेडला शेकडो छिद्रं असतात, केसापेक्षाही बारीक. त्यातून शाईचे थेंब कागदावर नेमून मारले जातात. काही प्रिंटर शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब उडवतात. ही कल्पना कॅननच्या संशोधकांना १९७७ मध्ये सुचली, तीसुद्धा गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजला लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली म्हणून! काही कंपन्या गरम न करता, विजेने किंचित वाकणाऱ्या स्फटिकाने शाई ढकलतात. पद्धत कुठलीही असो, त्या शाईत बहुतांश पाणीच असतं. आणि पाणी उडून गेलं की छिद्रात उरतो तो वाळलेला रंग. बऱ्याच प्रिंटरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की १० ते ३५ अंश तापमानात वापरा. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश असतं. आता बोला!

(शाईचा विषय निघाला की नाना गणपत कृष्णाजींची गोष्ट सांगतातच. मुंबईत १८३१ साली पहिलं मराठी पंचांग छापणारा हा माणूस. शिळाछापाचं यंत्र स्वतः खटपट करून उभं केलं आणि शाईसुद्धा स्वतःच प्रयोग करून बनवली. "त्याला कुठली हेल्पलाइन होती?" हे नानांचं ठरलेलं वाक्य. रोख माझ्याकडे!)

गेल्या वर्षीची, म्हणजे २०२५ ची गोष्ट. १ मे गुरुवारी आला होता, शुक्रवारची रजा टाकून मी चार दिवस घरी. ४ मेला, रविवारी, नीटची परीक्षा. समोरच्या काकूंची मुलगी दोन वर्षं त्यासाठी घासत होती. सेंटर जळगावला, दुपारी दीडला गेट बंद होणार, म्हणजे सकाळी लवकर निघायचं. शनिवारी रात्री दहाला काकू दारात. मागे ती. चेहरा पांढराफटक.

"काय व्हयनं माय?" आईने विचारलं. आमच्या आईला टेन्शन आलं की तिची अहिराणी बाहेर येते.

झालं होतं असं की अ‍ॅडमिट कार्ड तिने बाजारातल्या एका दुकानातून काढून आणलं होतं आणि दुकानदाराने पहिलंच पान दिलं होतं. दुसऱ्या पानावर पोस्टकार्ड साइजचा फोटो चिकटवायची चौकट असते, ते पान नव्हतंच. बॅग भरताना लक्षात आलं. रात्री दहा वाजता बाजार बंद. सकाळी निघायच्या वेळेला कुठलं दुकान उघडत नाही. रविवार, त्यातून जळगावला उतरून शोधत फिरायचं म्हणजे... ती रडत नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं.

"एवढंच ना? दोन मिनिटं," म्हणत नाना उठले. कंप्युटर चालू, फाइल उघडली, प्रिंट. प्रिंटर घरघरला, कागद आत गेला आणि बाहेर आला.

कोरा.

नानांनी परत दिली. परत कोरा. अगदी निरखून पाहिलं तर दोन-तीन राखाडी खुणा. शाळांना सुट्ट्या लागल्यापासून पंधरा-वीस दिवस प्रिंटर बंदच होता आणि खोलीत दुपारी भट्टी पेटलेली. काळ्या शाईची टाकी काठोकाठ भरलेली होती, तरी कागदावर थेंब नाही. खोलीत आम्ही पाच माणसं आणि कोणी काही बोलेना. नाना चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

मी नोझल चेक घेतला. ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, लक्षात ठेवा. प्रिंट खराब आली की थेट क्लीनिंगवर जायचं नाही. आधी नोझल चेकची एक प्रिंट. त्यात चारही रंगांच्या रेघांची जाळी येते. जिथे रेघ तुटली, ते छिद्र बंद. आमच्या कागदावर निळा ठीक, गुलाबी ठीक, पिवळा दोन ठिकाणी तुटलेला, आणि काळ्याच्या जागी नुसती पांढरी जागा. हेड क्लीनिंग केलं. काळ्याच्या चार रेघा आल्या. परत केलं. चारच्या पाच झाल्या.

आता मोह होतो तो तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा क्लीनिंग करायचा. तिथेच थांबायचं असतं. प्रत्येक क्लीनिंगला बरीच शाई ओढून ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये ओतली जाते. तो भरला की प्रिंटर संप पुकारतो आणि सर्व्हिस सेंटर दाखवावं लागतं. शिवाय वाळलेली शाई भिजायलाही वेळ लागतो. दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर बारा तास तसंच ठेवायचं, हा खरा इलाज. पण आमच्याकडे बारा तास होते कुठे?

मग मी फोन लावला. आमच्या ऑफिसच्या प्रिंटरच्या पोटात हात घालून बसतो ना, त्याला! दोन वर्षांपूर्वी एकदा लिफ्टमध्ये गप्पा झाल्या होत्या, तो साक्रीचा निघाला, म्हणजे धुळे जिल्ह्यातला, आमच्या बाजूचाच. तेव्हापासून नंबर होता. रात्री साडेदहाला फोन उचलून त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, काळी गेली ना? जाऊ द्या. तिचा नाद सोडा. बाकीच्या तिघी आहेत ना जिवंत?"

आणि त्याने सांगितलं ते सॉल्लिड होतं. बऱ्याच इंक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई वेगळ्या जातीची असते. तिच्यात रंगाचे बारीक कण असतात, पिगमेंट म्हणतात त्याला. रंगीत तिघी पाण्यात विरघळणाऱ्या. पिगमेंटची शाई साध्या कागदावर ठसठशीत दिसते, पण फोटो पेपरच्या गुळगुळीत पृष्ठभागात मुरत नाही. म्हणून प्रिंटरला 'फोटो पेपर आहे' असं सांगितलं की तो काळी शाई बाजूला ठेवतो आणि निळा, गुलाबी, पिवळा मिसळून काळा तयार करतो. थोडक्यात, ट्रेमध्ये साधाच कागद ठेवायचा आणि प्रिंटच्या सेटिंगमध्ये पेपर टाइप 'फोटो पेपर' निवडायचा. प्रिंटरला चक्क थाप मारायची!

सेटिंग बदललं. प्रिंट दिली. या सेटिंगला प्रिंटर फार सावकाश चालतो. कागद मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर येत होता आणि पाच माणसं श्वास रोखून वाकलेली. आधी तपकिरी झाक असलेली एक ओळ. मग दुसरी. मग चौकटीची वरची रेघ, सरळ, सलग. काकूंनी ट्रेमधून कागद उचलला आणि पदराने त्याला वारा घालायला लागल्या, पापड वाळवल्यासारखा. सेफ्टी म्हणून दुसरी प्रत काढली. नानांनी कपाटातून डिंकाची बाटली काढली आणि फोटो स्वतः चिकटवला. वर्गात हस्तलिखिताला चित्रं चिकटवायचे तसा, चारी कोपरे अंगठ्याने दाबून.

(तिचं पुढे काय झालं ते विचारू नका. छापायची परवानगी तिने दिलेली नाही.)

सगळे गेल्यावर नाना बराच वेळ प्रिंटरपाशी उभे होते. मी पाहिलं, त्यांनी शेवटचं पान पडल्याबरोबर बोर्डावरचं बटण खट् करून बंद केलं होतं. नेहमीप्रमाणे. ही नानांची फार जुनी सवय. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत आमच्याकडे तासन् तास वीज नसायची आणि एकदा येताना ती अशी दणक्यात आली की नवा कलर टीव्ही जळाला. २००७ ची गोष्ट. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलीही वस्तू वापरून झाली की बोर्डावरून बंद. इस्त्री, मिक्सर, चार्जर, आणि प्रिंटरही. यात चूक काय? टीव्ही ज्याचा जळतो, त्यालाच कळतं.

फक्त प्रिंटरचं एक वेगळं असतं. काम संपल्यावर त्याचं हेड उजवीकडच्या आपल्या घरट्यात जातं आणि तिथे खालून एक रबरी झाकण वर येऊन छिद्रांना बसतं. शाई वाळू नये म्हणून. प्रिंटरवरचं बटण दाबलं की तो हे सगळं करून मग झोपतो. दिवा लुकलुकतो तो त्यासाठीच. पण बोर्डावरून मधेच वीज तोडली तर हेड असेल तिथे थांबतं, झाकणाविना, मे महिन्याच्या दुपारी.

हे मी सांगितलं. नाना ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे टोपण."

"हो."

"शाईचं पेन टोपण न लावता दप्तरात टाकलं म्हणून मी पोरांना पट्ट्या मारल्यात." थोडं थांबून म्हणाले, "आणि घरात इतकी वर्षं तेच चाललंय."

मग ते स्वतःच हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक क्लीनिंग केलं, काळ्याच्या दोनच रेघा तुटलेल्या आल्या. सोमवारी सकाळी, माझी गाडी निघायच्या आधी, त्याही आल्या. बारा तासांचा उपास प्रिंटरला मानवला होता. आणि बोर्डावर नानांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लागली होती, 'आधी टोपण, मग बटण'. म्हणजे आधी प्रिंटरवरचं बटण दाबायचं, दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबायचं, मग खुशाल बोर्डावरून बंद करायचं. टीव्ही जळाल्याचं दुःखही शाबूत आणि शाईही ओली!

घ्यायचाच असेल तर कुठला प्रिंटर घ्यावा, असं ऑफिसात मला आता लोक विचारतात. (बघा, शिक्का इथेही बसला!) महिन्यातून एकदा चार पानं काढणार असाल आणि रंग नको असतील, तर सरळ साधा लेझर घ्या. त्यात शाई नसते, पावडर असते. ती वाळत नाही, वर्षभर पडून राहिला तरी उठून कामाला लागतो. प्रिंट फिकी आली तर टोनर काढून आडवा धरून हलवा, अजून थोडी पानं निघतात. फक्त लेझर घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. पावडर कागदावर वितळवायला तो आतला रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापवतो आणि त्या वेळी वीज भसकन ओढतो, इन्व्हर्टर मान टाकतो. रोज रंगीत लागत असेल तर इंक टँक. पण मग त्याला हलतं ठेवायचं, आठवड्यातून एक तरी पान, चारही रंगांचं.

ही आठवड्याच्या पानाची गोष्ट मी नानांना सांगितली तेव्हा त्यांना ती अजिबात पटली नव्हती. कामाशिवाय पान? वाया? मग त्यांनी त्यातूनही वाट काढली. दर गुरुवारी ते एक रंगीत पान छापतात आणि ओट्याच्या खांबाला लावतात. वर निळ्यात वार आणि तारीख, खाली काळ्यात एक सुविचार, मग गुलाबीत पोरांसाठी एक प्रश्न. आणि अगदी तळाशी पिवळ्यात उत्तर. पांढऱ्यावर पिवळं कोणाला लांबून वाचता येत नाही, म्हणून ते मुद्दाम. ज्याला उत्तर बघायचं त्याने ओट्यावर चढून नाक लावायचं.

पानाचा फोटो काढून आई मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. गेल्या गुरुवारचा प्रश्न होता, पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे २०२० मध्ये थांबली, ती किती किलोमीटर धावायची? मी कॅबमध्ये होते. झूम केलं, ब्राइटनेस वाढवला, फोन आडवा धरला. उत्तर काही दिसेना. छप्पन्न असणार असं वाटत होतं, पण पक्कं आठवेना. शेवटी फोन लावला.

"नाक लावलं का?" नाना म्हणाले.